सातव्या रात्री कोण जागतं?

बाळ सहा दिवसांचं झालं की आपल्याकडे सटीची रात्र येते. समई तेवत ठेवतात, पाटावर कागद-लेखणी मांडतात. सटवी येऊन बाळाच्या कपाळी काय ते लिहून जाणार, म्हणून घरातली माणसं जागी राहतात. मला प्रश्न पडतो तो सातव्या रात्रीचा. त्या रात्रीपासून जागरण एकट्या बाळंतिणीच्याच वाट्याला का?

"बाळ रात्रभर झोपत नाही" म्हणायचा अवकाश, सल्ल्यांचा पाऊस पडतो. मोहरीची उशी द्या, ग्राईप वॉटर पाजा, निजताना पातळ पेज भरवा... एकेकाळी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना अफूची बाळागोळी देत. भोंग्याला हजर राहायचं तर मूल निजायलाच हवं होतं! घाई तेव्हाही घड्याळाची होती, आजही आहे.

बाळाचा हिशेब वेगळा असतो. नवजात बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. पोट इवलंसं, त्यामुळे दोन-तीन तासांनी भूक लागते. रात्र-दिवसाचा फरक शरीराला कळायलाच दोन-तीन महिने जातात. कॅनडातल्या बाळांचा एक अभ्यास २०१८ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आला होता. त्यात सहा महिन्यांची सुमारे ३८ टक्के बाळं रात्री सलग सहा तास झोपत नव्हती. वर्षाच्या बाळांतही हे प्रमाण २८ टक्के होतं. म्हणजे शेजारणीचं बाळ झोपतं आणि आपलं झोपत नाही, यात आईचं काही चुकलेलं नसतं.

मग करायचं काय? सकाळी बाळाला ओसरीवरच्या उजेडात आणावं. रात्री दिवा मंद ठेवावा आणि दूध पाजताना गप्पा, खेळ नकोत. चार-पाच महिन्यांनंतर डोळे जड झाले, पण पुरते मिटले नाहीत, अशा वेळी बाळाला अंथरुणावर ठेवून पाहावं. दर वेळी झुलवतच झोपवलं तर मध्यरात्री किंचित चाळवल्यावरही ते झोकाच मागतं. निजवावं ते उताणं, उशीशिवाय. सहा महिने आईच्या दुधाखेरीज पेजही नको. आणि ताप असेल, दूध ओढत नसेल किंवा वजन वाढत नसेल तर थेट डॉक्टरकडे जावं.

हे सगळं आईनेच करावं असं मात्र कुठे लिहिलेलं नाही. अंगावर पाजणं तेवढं तिचं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, खांद्यावर घेऊन फिरणं, परत निजवणं ही कामं बापाला जमतात. उलट पोट भरलेलं बाळ बापाकडे लवकर शांत होतं, कारण त्याच्या अंगाला दुधाचा वास नसतो!

आम्हा सरकारी माणसांना केंद्राच्या नियमांप्रमाणे बापाला पंधरा दिवसांची रजा आहे, आईला १८० दिवसांची. खाजगी नोकरीत २०१७ पासून आईला २६ आठवडे मिळतात, बापासाठी कायद्यात रजाच नाही. ती मिळायला हवी. पण मिळालेल्या पंधरा दिवसांत बारशाचा हॉल आणि निमंत्रणं एवढंच होणार असेल तर रजा वाढवून तरी काय साधणार?

पूर्वी घरात आजी असायची, आत्या असायची. आता फोंड्याच्या नाहीतर म्हापशाच्या फ्लॅटमध्ये माणसं दोन. पहाटे पदेराचा भोंपू वाजतो तेव्हा आईचा नुकताच डोळा लागलेला असतो आणि तासाभराने कामाला लागायचं असतं.

कचेरीत चहाच्या वेळी आपण बाळाच्या आईला हमखास विचारतो, "रात्री झोपतं का गं?" उद्या हाच प्रश्न एखाद्या नव्या बापाला विचारा. बाळ किती वेळा उठलं, हे त्याला सांगता आलं नाही तर त्या घरात कोण जागतं ते वेगळं विचारायला नको.