भाषेच्या तासिकेतील शांतता

भाषेच्या तासिकेला वर्ग शांत असला की शिक्षक समाधानी आणि पर्यवेक्षकही समाधानी. आमच्या मते ही शांतता एकदा तपासून पाहिली पाहिजे. मुले ऐकत आहेत म्हणून गप्प आहेत, की बोलण्याची भीती वाटते म्हणून, हे दाराबाहेरून कळत नाही.

या दोषाचे आम्हीही धनी आहोत. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातून वसतिगृहात आलेला एक मुलगा उत्तर देताना ‘म्या’ म्हणाला. वर्ग हसला. आम्ही त्यास तिथल्या तिथे ‘मी’ म्हणावयास लावले आणि धडा पुढे नेला. दिवाळीपर्यंत त्या मुलाने वर्गात तोंड उघडले नाही. व्याकरणाची ती दुरुस्ती फार महागात पडली.

इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने अशा वेळी आम्हांस मुक्ता साळवे आठवतात. फुले दांपत्याच्या शाळेतील या किशोरवयीन मुलीचा ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शिक्षण जेमतेम तीन वर्षांचे. तरीही, वेदांवर आमचा अधिकार नसेल तर आमचा धर्म कोणता, असा रोखठोक प्रश्न ती विचारते. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे हाल सांगते. फळ्यावरचे उत्तर उतरवून घेणाऱ्या वर्गातून असा निबंध निघत नाही. अक्षरांसोबत आपले म्हणणे मांडण्याची मोकळीकही तिला मिळाली असली पाहिजे.

आमच्या 35 मिनिटांच्या तासिकेत आता पहिली 10 मिनिटे मुलांची असतात. धड्यातील विषयावर ज्याने त्याने आपापल्या बोलीत बोलावे. कोपरखैरण्यात विषयांची वाण नाही. माथाडी कामगारांची वस्ती, आगरी-कोळ्यांची जुनी गावे आणि जवळच घाऊक बाजार. बाजारावरील धड्याच्या वेळी ‘गाळा’, ‘आडत’, ‘तोलणार’, ‘वाराई’ हे शब्द मुलांनीच फळ्यावर लिहिले. ‘वाराई’ म्हणजे माल चढविण्या-उतरविण्याची मजुरी, हे आम्हांस एका हमालाच्या मुलीने समजावून सांगितले. (एम. ए.च्या पदवीचा तेथे काही उपयोग झाला नाही.) त्यानंतर प्रमाण मराठीतील उतारा वाचला की तो मुलांना परका वाटत नाही. शेवटी प्रत्येकाने स्वतःची 5 वाक्ये लिहायची, एकाने वाचून दाखवायची आणि इतरांनी त्यास प्रश्न विचारायचे. एका दिवशी एकाच प्रकारची चूक दुरुस्त करावयाची, हा नियम पाळणे आम्हांस आजही जड जाते.

बोलीला वाव दिला तर परीक्षेत मुले मागे पडतील, अशी भीती काही पालक व्यक्त करतात. ती अनाठायी नाही. अर्ज, न्यायालय, वर्तमानपत्र यांची भाषा आपल्या मुलांना उत्तम आलीच पाहिजे. बाबासाहेबांनी 1920 साली ‘मूकनायक’ काढला तो याच भाषेत. परंतु तिच्याकडे जाणारी वाट मुलाच्या तोंडच्या भाषेतून काढावी, एवढाच आमचा आग्रह आहे. अभ्यासक्रम थोडा रेंगाळतो, हे मान्य. म्हणून तयार प्रश्नोत्तरे लिहून देणे आम्ही बंद केले. त्यात आठवड्याच्या दोन तासिका सहज जात होत्या.

भेटीच्या रविवारी पालक प्रथम गुणपत्रक मागतात. यापुढे त्यांनी आधी निबंधाची वही मागावी आणि मुलास ती मोठ्याने वाचावयास सांगावी. पानावर लाल शाईच अधिक दिसली, तर त्याचा जाब आम्हांस विचारावा.