विश्लेषण : मांडवातला लाइव्ह रिमिक्स आणि स्टुडिओतला रिमिक्स यांत फरक काय? टिमलीची चाल नेमकी कुणाची?

चिंचपाडा (ता. नवापूर, जि. नंदुरबार) : होळी सरली की उधना-जळगाव रेल्वेमार्गावरील या भागात लग्नसराई सुरू होते आणि गावोगावी टिमलीचा ठेका घुमू लागतो. पूर्वी ढोल आणि पावरीवर धरला जाणारा फेर आता बँडच्या गाडीवरील कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि डीजेच्या लॅपटॉपवरही धरला जातो. त्यातील एखादा ठेका मोबाइलवर मुद्रित होतो, त्याचा रिमिक्स बनतो आणि तो यूट्यूबवर जातो. मांडवात लाइव्ह केलेला रिमिक्स आणि स्टुडिओत बसून केलेला रिमिक्स ऐकायला सारखे वाटले, तरी तंत्र आणि कायदा या दोन्ही दृष्टींनी ती वेगळी कामे आहेत. हा फरक न कळल्याचा तोटा बहुतेक वेळा मूळ गायक-वादकालाच होतो.

‘डीजे’ म्हणजे माणूस की गाडी?

डीजे म्हणजे डिस्क जॉकी, अर्थात गाणी निवडून एकमेकांत मिसळणारी व्यक्ती. आपल्याकडे मात्र ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीलाच डीजे म्हणतात. ‘डीजेबंदी’चा वाद असतो तो या भिंतीच्या आवाजाचा. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, तर रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई आहे. गाणे लाइव्ह मिसळलेले असो वा स्टुडिओत तयार केलेले, हा नियम सारखाच लागू होतो. रिमिक्सचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे.

लाइव्ह सॉफ्टवेअर नेमके काय करते?

व्हर्च्युअल डीजे, सेराटो यांसारखी सॉफ्टवेअर आधी गाण्याचे विश्लेषण करून त्याचे बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके मोजतात. त्यावरून गाण्यावर ठोक्यांची एक अदृश्य जाळी टाकली जाते. एक गाणे 120 आणि दुसरे 121 बीपीएमचे असेल, तर एकत्र सुरू केल्यावर अवघ्या 30 सेकंदांत ती अर्ध्या ठोक्याने सुटतात आणि नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. ‘सिंक’ बटण दुसऱ्या गाण्याचा वेग पहिल्याला जुळवते, तर ‘की लॉक’ वेग बदलला तरी सूर बदलू देत नाही.

मोठा बदल झाला तो ‘स्टेम्स’मुळे. तयार गाण्यातून गायकाचा आवाज, ताल आणि बाकीची वाद्ये सुटी करण्याचे हे तंत्र आहे. डीझर या फ्रेंच कंपनीने 2019 मध्ये ‘स्प्लीटर’ हे असे साधन मोफत खुले केले. 2020 मध्ये व्हर्च्युअल डीजेने आणि 2022 मध्ये सेराटोने हे काम गाणे वाजत असतानाच करण्याची सोय दिली. त्यामुळे एका गाण्याचा आवाज दुसऱ्या गाण्याच्या ठेक्यावर चढवणे आता एका बटणाचे काम झाले आहे.

मग स्टुडिओत वेगळे काय होते?

मुख्य फरक वेळेचा. लाइव्ह सॉफ्टवेअरला प्रत्येक हिशेब गाणे वाजण्याच्या वेगानेच उरकावा लागतो. सेकंदाला 44,100 नमुने या दराने 256 नमुन्यांचा एक तुकडा साधारण 6 मिलिसेकंदांत संपतो. तेवढ्यात पुढचा तुकडा तयार नसेल, तर आवाज तुटतो. स्टुडिओत ही घाई नसते. एफएल स्टुडिओ, क्यूबेस किंवा एबलटन लाइव्हमध्ये एकाच ओळीवर तासभर काम करता येते, नवा ढोल मुद्रित करता येतो, गायकाला पुन्हा बोलावता येते आणि प्रत्येक वाद्य स्वतंत्र ट्रॅकवर ठेवता येते.

माणसांनी वाजवलेल्या संगीतात हा फरक लगेच जाणवतो. जिवंत ढोलाचा वेग घड्याळासारखा स्थिर नसतो. फेर रंगला की तो वाढतो. एकसारखा वेग गृहीत धरणारी जाळी अशा मुद्रणावर काही वेळाने सरकते. स्टुडिओत ठोका न् ठोका हाताने जुळवता येतो, किंवा ती चढती लय मुद्दाम तशीच राखता येते. पावरीचेही असेच आहे. भोपळा आणि बांबूपासून हाताने बनवलेल्या या वाद्याचा सूर कीबोर्डच्या पट्टीशी जुळेलच असे नाही. लाइव्हमध्ये तो खटकतो, स्टुडिओत मात्र बाकीची वाद्ये पावरीच्या सुराला लावता येतात.

दुसऱ्या बाजूने पाहिले, तर समोरची गर्दी बघून ठेका लांबवणे किंवा गाणे अर्ध्यावर बदलणे स्टुडिओला जमत नाही. म्हणून श्रेष्ठ कोण, हा वाद निरर्थक आहे. लाइव्ह मिक्स त्या रात्रीपुरता असतो आणि मुद्रित केला नाही तर हवेत विरतो. स्टुडिओत तयार होते ती टिकणारी, विकता येणारी वस्तू. कायद्याचा प्रश्नही इथूनच सुरू होतो.

लग्नात गाणी वाजवायला परवानगी लागते का?

कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52(1)(झेडए) नुसार धार्मिक विधीत गाणी वाजवणे हा हक्कभंग ठरत नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले सामाजिक समारंभही त्यात येतात. केंद्राने 24 जुलै 2023 रोजी सूचना काढून हे पुन्हा स्पष्ट केले. गोवा सरकारने जानेवारी 2024 मध्ये याच धर्तीवर काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट 2024 मध्ये रद्द केले. मात्र मूळ कायद्यातील सवलत कायम आहे. ही सवलत फक्त वाजवण्यापुरती आहे. हॉटेलातील पार्टी किंवा तिकीट लावलेला कार्यक्रम तिच्यात बसत नाही.

तोच रिमिक्स अपलोड केला तर?

चित्र बदलते. मांडवात वाजवणे हे सादरीकरण झाले. तोच मिक्स फाइल करून इंटरनेटवर टाकणे म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचा भाग वापरून नवे ध्वनिमुद्रण करणे आणि ते लोकांपर्यंत पोहोचवणे. त्यासाठी ध्वनिमुद्रणाचा मालक आणि गीत-संगीताचे हक्कधारक या दोघांचीही परवानगी लागते. लग्नाची सवलत इथे उपयोगी पडत नाही.

‘आम्ही गाणे नव्याने गायले, मूळ आवाज वापरला नाही’ हा युक्तिवादही पुरेसा नाही. 2012 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 31सी नुसार कव्हर व्हर्जनसाठी मूळ मुद्रणाच्या वर्षअखेरीपासून पाच वर्षे थांबावे लागते, आधी सूचना आणि रॉयल्टी द्यावी लागते आणि तांत्रिक गरजेपलीकडे गाण्यात बदल करता येत नाही. रिमिक्सचा तर जीवच बदलात असतो.

मग पारंपरिक टिमली कुणाची?

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या मावची किंवा कोकणी गाण्याचा एकच कवी किंवा संगीतकार सांगता येत नाही. त्यामुळे अशा चालीवर एका व्यक्तीचा कॉपीराइट नसतो. पण त्या चालीचे मुद्रण जो करतो, त्याला त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क 60 वर्षे मिळतो. म्हणजे चाल सगळ्यांची असते, पण फाइल एकाचीच ठरते. एखाद्याने ती फाइल यूट्यूबच्या कंटेंट आयडी यंत्रणेत नोंदवली, तर तीच चाल वाजवणाऱ्या दुसऱ्या बँडच्या व्हिडिओवरही दावा येऊ शकतो. यंत्र आवाजाचे साम्य ओळखते, परंपरा ओळखत नाही.

वारली चित्रांना भौगोलिक मानांकनाचा आधार मिळाला. पण मानांकन वस्तूंना असते, गाण्याला नाही. लोककलांच्या सामूहिक मालकीसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या मे 2024 च्या करारातही जनुकीय संसाधने आणि त्यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञान आले, लोकगीते आली नाहीत.

कलाकारांच्या हाती काय आहे?

एक हक्क बहुतेकांना माहीत नसतो. गाणे पारंपरिक असले तरी गायक-वादक कायद्याने ‘परफॉर्मर’ असतो. कलम 38 आणि 38ए नुसार त्याच्या सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण करायला त्याची संमती लागते. हा हक्क 50 वर्षे टिकतो. म्हणून मुद्रणाआधी एका कागदावर तारीख, गाण्याचे नाव, गायक-वादकांची नावे, मोबदला आणि अपलोडचे हक्क कुणाकडे, एवढे लिहून दोन्ही बाजूंनी सह्या केल्या तरी पुढचे बरेच वाद टळतात. सुटे ट्रॅक आणि मूळ फाइल स्वतःकडे ठेवाव्यात, कारण वाद झाल्यास पुरावा तोच असतो. कंटेंट आयडीचा दावा आल्यास त्यावर यूट्यूबवरच हरकत घेता येते.

बँडला लग्नाच्या सुपारीचे पैसे त्या रात्रीपुरते मिळतात. स्टुडिओतली फाइल मात्र पुढची अनेक वर्षे कमावू शकते. ती फाइल कुणाच्या नावावर आहे, हे मुद्रणाआधीच ठरवून घेतले पाहिजे.