फादरांनी मन कोणाकडे मोकळं करायचं?

पाचाड : बदली होऊन इकडे आलेला मास्तर असो की ग्रामसेवक, शेवटची एसटी गेली की खोलीत एकटाच. पण शनिवारी त्याला घर तरी गाठता येतं. कॅथलिक फादरला ती सोय नाही. लग्न नाही, मूलबाळ नाही, आणि बिशपचा आदेश आला की पुन्हा नवं गाव.

आपला रायगड जिल्हा मुंबईच्या महाधर्मप्रांतात येतो. २५ जानेवारी २०२५ पासून तिथला कारभार आर्चबिशप जॉन रॉड्रिग्ज यांच्याकडे आहे. मुंबईत एक चर्च सोडलं की दुसरं लागतं, आतल्या भागात तसं नाही.

लोक दुखणं-खुपणं घेऊन फादरकडे येतात, कबुली देतात. पण फादरला स्वतःची कबुली स्वतःपुढे देता येत नाही, त्यालाही दुसरा फादरच लागतो. म्हणजे ही सोबत नुसती गप्पाटप्पांची नाही, ती धर्मातच धरलेली आहे. व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ लाच सांगून ठेवलंय की धर्मगुरूंनी जमेल तिथे एकत्र राहावं, निदान एकत्र जेवावं, वरचेवर भेटावं.

ईस्टरच्या आधी सगळे फादर बिशपसोबत मिसाला जमतात, आपली वचनं पुन्हा म्हणतात. चांगलंच आहे. पण ती भेट वर्षातून एकदा, आणि ताप काही तारीख बघून येत नाही. बदल्यांची यादी करताना दोन शेजारी फादरांना आठवड्यातून एकदा तरी एकत्र जेवता येईल का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ होईल.