कापलेल्या स्ट्रिपविषयी

मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य
यांस,

तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. आषाढी झाली की आठवडाभर माझ्याकडे नुसते गुडघे येतात. अशाच एक मावशी आल्या, वय ६२. टेल्मिसार्टन आणि लघवीच्या गोळीवर तीन वर्षं त्यांचं बीपी ताब्यात होतं. त्या दिवशी भरलं १७०/१००. गोळी एकदाही चुकवली नाही म्हणाल्या. डोस वाढवायला मी पेन उचललंही होतं, तेवढ्यात त्यांनी पिशवीतून कात्रीने कापलेली स्ट्रिप काढली. डायक्लोफेनॅक की अ‍ॅसिक्लोफेनॅक, कळेना. नावाचं शेपूट तेवढं उरलेलं. "मेडिकलवाल्यानं दिली. दोन टाइम घेते, लई गुण आहे."

गुण असतोच, तीच तर पंचाईत. ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, म्हणून दुखणं थांबतं. पण मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवायलाही तेच लागतं. ते आटलं की मूत्रपिंड मीठ-पाणी धरून ठेवतं, बीपी चढतं आणि टेल्मिसार्टनचा जोर ओसरतो. अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची दुसरी गोळी घेणाऱ्यांना हा फटका कमी बसतो. मावशींसारख्या, टेल्मिसार्टनच्या जोडीला लघवीची गोळी घेणाऱ्यांचं मात्र मूत्रपिंडच बसू शकतं. पायी चालून अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असेल तर आणखी लवकर.

याच डायक्लोफेनॅकने, ते दिलेली मेलेली गुरं खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे कळल्यावर २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांसाठी ते शेड्यूल एचमध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. तसं स्ट्रिपवर छापलेलंही असतं, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. ते कात्रीत जातं.

मावशींना मी पॅरासिटामॉल दिलं आणि गुडघ्याला लावायला जेल. जेलमधलं औषध रक्तात फार थोडं उतरतं. दहा दिवसांनी बीपी १३६/८४. पॅरासिटामॉलही अगदी गरीब गाय नाही. २०२२ साली एडिनबरोच्या संशोधकांनी बीपीच्या रुग्णांना दोन आठवडे रोज चार ग्रॅम देऊन पाहिलं, तर वरचं बीपी पाचेक अंकांनी चढलं. दोन-चार दिवस कमी मात्रेत घ्यायला हरकत नाही; महिनोन् महिने रोज घेणाऱ्याने बीपी मोजत राहावं. पाण्यात फसफसणारी गोळी तर नकोच, तिच्यात सोडियम भरपूर असतं.

चिठ्ठीचा नियम उद्यापासून कडक पाळला जाईल अशा भ्रमात मी नाही. खेड्यात डॉक्टर दहा किलोमीटरवर असतो नि मेडिकल एस्टी स्टँडवर. म्हणून मागणं दोनच. दुखण्याची गोळी देण्याआधी "बीपीची गोळी चालू आहे का?" एवढं विचारायची सक्ती करा आणि तोच प्रश्न मराठीत, ठळक अक्षरांत काउंटरवर लावायला लावा. आणि स्ट्रिप कापली तर पुडीवर औषधाचं नाव लिहून द्यायला सांगा.

मावशींची ती स्ट्रिप माझ्या टेबलाच्या खणात आहे. आपले निरीक्षक इकडे फिरकले तर दाखवीन; नाव ओळखता आलं तर मलाही सांगावं.

आपला,
तालुक्याचा एक डॉक्टर