बखर कोणाची? : इतिहाससंशोधनाच्या व्याप्तीविषयी एक तक्रार

मराठीचे प्राध्यापक बखरीकडे जुन्या गद्यशैलीचा नमुना म्हणून पाहतात. इतिहासाचे प्राध्यापक तिच्याकडे दुय्यम दर्जाचे आणि बहुधा अविश्वसनीय साधन म्हणून पाहतात. या दोन दृष्टी परस्परविरोधी आहेत असे वरवर वाटते. प्रत्यक्षात त्या एकमेकींच्या सोयीच्या आहेत. पहिल्या पक्षाला बखरीतील मजकूर खरा की खोटा याची चौकशी करावी लागत नाही आणि दुसऱ्या पक्षाला तो मजकूर तसाच का सांगितला गेला याचा विचार करावा लागत नाही. दोघांमध्ये गेली कित्येक दशके एक अलिखित तह झाला आहे आणि त्या तहात बखर अनाथ झाली आहे. या तहाला श्रमविभागणी म्हणण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखकाला ती कामचुकारपणाची विभागणी वाटते.

इतिहाससंशोधनाची व्याप्ती वाढली पाहिजे, हे वाक्य आता कोणत्याही परिसंवादाच्या उद्घाटनात ऐकावयास मिळते. त्याचा व्यवहारातील अर्थ विषयांची यादी लांबविणे एवढाच असतो. राजकीय इतिहासाच्या शेजारी आर्थिक इतिहास, त्याच्या शेजारी स्त्रियांचा, मग पर्यावरणाचा, मग आहाराचा. प्रत्येकाला स्वतंत्र कप्पा, स्वतंत्र तज्ज्ञ आणि स्वतंत्र चर्चासत्र. हे विषय महत्त्वाचे नाहीत असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु कप्पे वाढले म्हणजे व्याप्ती वाढली, हा समज चुकीचा आहे. ज्या शास्त्राने हा शब्द आपल्याला दिला त्या न्यायशास्त्रात व्याप्ती म्हणजे पसारा नव्हे. हेतू आणि साध्य यांच्यामधील नियत साहचर्य म्हणजे व्याप्ती. धूर दिसल्यावर अग्नीचे अनुमान कोणत्या बळावर करावयाचे, या प्रश्नाशी ती निगडित आहे. इतिहाससंशोधनाच्या संदर्भात हा प्रश्न असा विचारता येईल : समोरच्या कागदावरून कशाकशाचे अनुमान करण्याचा अधिकार संशोधकाला पोहोचतो, आणि ते अनुमान करण्याची त्याची तयारी कितपत आहे? ज्याला कागदाची भाषा कळत नाही, लेखनप्रकाराचे संकेत कळत नाहीत, त्याचे विषय कितीही नवे असोत, त्याच्या संशोधनाची व्याप्ती अरुंदच राहणार.

आपल्याकडे ही अरुंदता मुळापासून नव्हती. काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक प्रभृतींनी १८७८ मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक सुरू केले. त्याच्या नावातील सामासिक शब्दाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मराठी काव्य, संस्कृत काव्य आणि ऐतिहासिक कागद एकाच मासिकात, एकाच वर्गणीत वाचकांच्या घरी येत होते. आज आपण ज्या बखरी पाठ्यपुस्तकांतून वाचतो त्यांतील कित्येक प्रथम या मासिकातून उजेडात आल्या. काव्य आणि इतिहास यांमधील संधी पुढे विद्यापीठांनी सोडविला आणि दोन पदे दोन इमारतींत नेऊन ठेवली.

राजवाड्यांचे उदाहरण याहून बोलके आहे, आणि अडचणीचेही. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी अस्सल पत्रांच्या कसोटीवर बखरींना घासून त्यांचे प्रामाण्य पार उतरविले. कालविपर्यास, स्थलविपर्यास, आकड्यांची अतिशयोक्ती हे सारे दोष त्यांनी निर्दयपणे दाखविले. इतिहास विभागांतील बखरद्वेषाची परंपरा येथून सुरू होते आणि ती आजही राजवाड्यांच्या नावाने चालविली जाते. पण ही परंपरा चालविणाऱ्यांनी राजवाडे अर्धेच वाचले आहेत. ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळताच तिच्या व्याकरणाचा शोध घेणारे, 'राधामाधवविलासचंपू'सारख्या काव्याला समाजेतिहासाची दीर्घ प्रस्तावना जोडणारे राजवाडे तेच आहेत. आणि १९२४ साली 'महिकावतीची बखर' संपादित करताना, निरनिराळ्या कर्त्यांनी निरनिराळ्या काळी लिहिलेल्या तिच्या प्रकरणांतून उत्तर कोकणातील वसाहतीचे, जातींचे आणि भाषेचे थर उलगडणारेही तेच. जी बखर घटनेचा पुरावा म्हणून त्यांना टाकाऊ वाटली, तीच बखर समाजाचा पुरावा म्हणून त्यांना बहुमोल वाटली. त्यांची अनुमाने पुष्कळदा अतिरेकी आहेत आणि वर्णाभिमानाने विटाळलेलीही आहेत. हे सांगण्यास संकोच करण्याचे कारण नाही. पण एका कागदाला दहा प्रश्न विचारण्याची ती हिंमत त्यांच्या वारसांनी अनुमानांबरोबरच टाकून दिली.

दत्ताजी शिंदे १७६० च्या जानेवारीत बुराडी घाटावर पडले. त्यांच्या तोंडचे अखेरचे उत्तर मराठी मुलांना शाळेपासून पाठ असते आणि ते आपल्यापर्यंत बखरीच्या परंपरेने पोहोचले आहे. इतिहासकार म्हणतो, हे उत्तर ऐकून परत येणारा साक्षीदार कोण? म्हणून ते रद्द. समीक्षक म्हणतो, काय हा नाट्यपूर्ण प्रसंग! म्हणून ते उत्कृष्ट. दोघांचेही काम येथे संपते. आता तिसरा प्रश्न पाहा. मराठी गद्यात मराठी सरदाराच्या तोंडी अखेरचे वाक्य हिंदुस्थानीत का येते? शत्रू ती भाषा बोलतो म्हणून, की उत्तरेतील लष्करी जीवनात शौर्याची भाषाच ती झाली होती म्हणून? पराभवानंतर ही कथा ऐकणाऱ्या दक्षिणेतील श्रोत्याला त्या भाषेतूनच हा मृत्यू दूरदेशीचा आणि म्हणून भव्य वाटत होता काय? या प्रश्नांची उत्तरे वाङ्मयीन आहेत आणि ऐतिहासिकही आहेत. ती शोधण्यासाठी पानिपतपूर्व पत्रव्यवहारात अशी भाषांतरे कोठे, कोणाच्या तोंडी आणि कोणत्या प्रसंगी होतात हे तपासावे लागेल. म्हणजेच समीक्षकाला दप्तरात बसावे लागेल आणि इतिहासकाराला वाक्याकडे पाहावे लागेल. हे दोघांनाही नको आहे.

बखरीपेक्षाही उपेक्षित असा एक वर्ग कागदांचा आहे. वतनाचा तंटा उभा राहिला की वादी आणि प्रतिवादी आपापला करीना लिहून देत. आपला मूळपुरुष कोण, तो गावी कधी आला, वतन कसे मिळाले, मध्येच कोणी कसे बळकावले, याची ती सविस्तर कहाणी असे. मग साक्षी होत, मजालस बसे आणि निकालाचा महजर होई. मराठी भाषेत सामान्य माणसाने आपल्या घराण्याची गोष्ट गद्यात, कालक्रमाने, पटवून देण्याच्या हेतूने सांगितली ती प्रथम येथे. आपल्या मराठी गद्याच्या इतिहासांत महानुभावीय चरित्रग्रंथांवरून बखरीपर्यंत जी उडी मारली जाते तिच्या खालची सारी जमीन ही आहे. त्या महजरावर गावकऱ्यांच्या निशाण्या असतात. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परिटाची मोगरी. लिहिता न येणारा माणूस आपल्या हत्याराने सही करीत होता. 'लेखक' या संकल्पनेच्या मृत्यूविषयी गेली तीस-चाळीस वर्षे मराठीत पुष्कळ लिहिले गेले, बहुतेक सारे फ्रेंच उदाहरणांवर. नांगराच्या निशाणीखालील मजकुराचा कर्ता कोण, बोलणारा पाटील की लिहिणारा कुळकर्णी की संमती देणारे गोत, हा प्रश्न विचारण्यासाठी कोणाच्या मृत्यूची वाट पाहण्याची गरज नव्हती.

हा प्रश्न विचारला गेला, पण तो येथे नव्हे. सुमित गुहा यांनी २००४ साली इंग्रजीत लिहिलेल्या निबंधात पश्चिम भारतातील इतिहासकथनाची घडण न्यायनिवाड्याच्या आणि साक्षीच्या व्यवहाराशी जोडून दाखविली. प्राची देशपांडे यांचा 'क्रिएटिव्ह पास्ट्स' (२००७) हा ग्रंथ बखरीपासून ऐतिहासिक कादंबरी-नाटकापर्यंत मराठ्यांच्या स्मृतीचा मागोवा घेतो. वेल्चेरू नारायण राव, डेव्हिड शुलमन आणि संजय सुब्रह्मण्यम यांनी 'टेक्स्चर्स ऑफ टाइम' (२००१) मध्ये दक्षिण भारतीय वाङ्मयप्रकारांतील इतिहासदृष्टी ओळखण्यासाठी त्या त्या प्रकाराच्या पोताची खूण मानली. हिरोशी फुकाझावा यांच्यासारख्या जपानी अभ्यासकाने मराठी कागदांतून दख्खनच्या ग्रामव्यवस्थेचा अभ्यास केला. या ग्रंथांवर आक्षेप घेता येतील. त्यांतील कित्येक विधाने मराठीचा कान असलेल्या वाचकाला खटकतील. पण ते आक्षेप मराठीत घ्यावयाचे तर निदान ते कागद तरी वाचलेले असले पाहिजेत.

येथे दुसऱ्या पक्षाचाही समाचार घेणे प्राप्त आहे. हेडन व्हाइटचा 'मेटाहिस्टरी' १९७३ चा. तो आपल्याकडे उशिरा आला आणि येताच त्याचे सुलभीकरण झाले. इतिहास हेही एक कथनच आहे, असे म्हटले की आमच्या नव्या समीक्षकाला मोडी शिकण्यापासून कायमची सूट मिळते. इतिहास कथन असेल तर कथनाचे नियम काळजीपूर्वक तपासण्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. करीना लिहिणाराही कथनच करीत होता, पण ते कथन फसले तर त्याचे वतन जात होते. गोताने ते उलटतपासून पाहिले होते, प्रतिपक्षाने खोडून काढले होते. सत्याचा दावा करणाऱ्या कथनाला समाज कोणत्या कसोट्या लावतो, याचा एवढा समृद्ध पुरावा उशाशी असताना 'सर्वच संहिता सारख्या' असे म्हणणे हा बौद्धिक आळस आहे. त्याला सिद्धान्त म्हणू नये.

व्याप्तीचा खरा विस्तार ज्यांनी केला त्यांच्याकडे पाहिले तरी हेच दिसते. दामोदर धर्मानंद कोसंबी नाण्यांची वजने संख्याशास्त्राने तपासत होते आणि त्याच वेळी पुण्याच्या आसपासच्या माळांवर शेंदूर फासलेल्या देवी पायी फिरून पाहत होते. 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या ग्रंथामागे ही पायपीट आहे. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) लिहिताना स्थलपुराण, शिलालेख, लोकगीत, धनगरांची दैवते आणि संतवाङ्मय यांना एकाच प्रश्नाभोवती बसविले. ढेरे यांचे कोणते विधान टिकेल आणि कोणते नाही याविषयी मतभेद आहेत, आणि ते असावेत. पण त्यांना इतिहासकार म्हणावयाचे की वाङ्मयसंशोधक की लोकसंस्कृतीचे अभ्यासक, हा प्रश्न पडतो तो वर्गीकरण करणाऱ्याला. त्र्यं. शं. शेजवलकर पानिपताविषयी लिहिण्यापूर्वी ती रणभूमी पाहून आले होते, एवढे येथे नमूद करून पुढे जातो.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने वतनतंट्यांतील करीन्यांचे कथनतंत्र हा विषय पीएच. डी. साठी मराठी विभागाकडे दिला. तिला मोडी येत होते. ते तिने स्वतः शिकून घेतले होते. समितीने विषय इतिहासाचा आहे असे सांगून परत पाठविला. ती इतिहास विभागाकडे गेली. तेथे आराखड्यात 'कथनतंत्र' हा शब्द पाहून, हे साहित्याचे आहे, असे उत्तर मिळाले. दोन्ही समित्यांवर विद्वान माणसे होती आणि प्रस्तुत लेखक त्यांपैकी एका समितीवर होता. त्याने विरोध नोंदविला, परंतु तो जेवढ्या जोराने नोंदवावयास हवा होता तेवढ्या जोराने नोंदविला नाही. दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती आणि अजून नऊ विषय शिल्लक होते.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो गंभीर आहे. सर्वांनी सर्व काही करावे असे म्हटले की कोणीच काही नीट करीत नाही. साधनचिकित्सेचे कसब आयुष्य खर्ची घातल्याशिवाय येत नाही. हे खरे आहे. पण या आक्षेपाचा आधार घेणाऱ्यांनी त्या कसबाचे आज काय केले आहे तेही पाहावे. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० नंतरच्या अवघ्या काही वर्षांत छापून झाले. निवड बहुतांशी राजकीय होती; त्या काळच्या प्रश्नांना ती साजेशीही होती. तीवर आपण अजून जगत आहोत. छापलेल्या खंडांबाहेर राहिलेले हजारो रुमाल राजकारणाशी संबंधित नव्हते म्हणून बाहेर राहिले, आणि ज्यांना ते वाचावयाचे त्यांना आपण मोडी शिकविणे बंद केले. विशेषज्ञता वाचविण्यासाठी व्याप्ती सोडली, असा युक्तिवाद करणाऱ्यांच्या हाती आज दोन्ही नाहीत.

तेव्हा मागणी माफक आहे. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मोडीवाचनाची एक अनिवार्य प्रश्नपत्रिका असावी. इतिहासाच्या अभ्यासक्रमात जुन्या मराठी गद्याच्या प्रकारांची. बखरींच्या छापील आवृत्तींवर विसंबण्याऐवजी उपलब्ध प्रतींच्या पाठभेदांसह निदान चार-पाच बखरी नव्याने संपादित व्हाव्यात आणि ते काम दोन्ही विभागांतील माणसांनी एका टेबलाशी बसून करावे. वतनतंट्यांतील करीन्यांचा एक संग्रह वाङ्मयीन टिपांसह निघावा. त्या विद्यार्थिनीने अखेर समाजशास्त्र विभागात नाव नोंदविले. तिच्या मार्गदर्शकांना मोडी येत नाही. ती त्यांना करीने देवनागरीत उतरवून देते, आणि उतरविताना गळालेल्या निशाण्या समासात पेन्सिलीने काढून दाखविते.