जुन्या मोटारीचा गारवा आणि तराजूचा न्याय

धान्याच्या अडत्याने मोटारीतील वातानुकूलन यंत्राविषयी लिहावे, हे कित्येक सभासद बंधूंस विचित्र वाटेल. मॅट्रिकपलीकडे आमचे शिक्षण नाही आणि यंत्रविद्येची पदवी तर मुळीच नाही. परंतु चाळीस वर्षे आम्ही तूर, हरभरा व ज्वारी तोलून घेत आलो आहोत. परखी मारल्यावाचून पोते घेऊ नये आणि काट्यावर चढविल्यावाचून पैसे मोजू नयेत, एवढे ज्ञान त्या धंद्याने आम्हांस दिले आहे. पुढील मजकूर त्याच ज्ञानाच्या आधारे लिहिला आहे.

मोटारीचे वावडे आपल्या समाजास कधीच नव्हते. सोलापूरच्या जैन घराण्यात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट व पुढे पद्मिनी गाड्यांतून आपल्यापैकी अनेकांच्या वराती निघाल्या. त्या गाड्यांत उन्हाळ्यावरचा उपाय म्हणजे पुढची तिकोनी काच वळवून वारा आत घेणे. हल्लीच्या तरुणांस मात्र ठेंगणी, दोन दारांची, वेगवान गाडी लागते, आणि तीही जुनी! गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात सान मोटर्सने ‘स्टॉर्म’ नावाची उघड्या टपाची अशी गाडी काढली होती. कोणी विदेशी बनावटीच्या जुन्या गाड्या शोधून आणतात. हौसेस आमचा विरोध नाही. परंतु वैशाखात कलबुर्गीचा पारा चाळिशीच्या वर गेला, की ही हौस तव्यासारखी तापते. छप्पर ठेंगणे, पुढची काच मोठी व तिरपी, इंजिन पावलांपाशी. अशा गाडीत गारव्याचे यंत्र बिघडले तर ती वापरणेच अशक्य होते.

आमच्या पुतण्याच्या अशाच एका गाडीची हकिकत सांगतो. गाडीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. गारवा येईना म्हणून त्याने ती एका मोठ्या शहरातील कारागिराकडे नेली. त्याने गाडीत गॅस भरला. फरक पडला नाही म्हणून महिन्याने पुन्हा भरला. दोन्ही वेळचे मिळून पाच हजारांवर रुपये गेले. पुढे भालकीकडील एका वृद्ध मिस्त्रीने, ज्याचा सारा जन्म ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेला, बॉनेट उघडून हिटरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्यांस हात लावला. हिटरची खुंटी ‘थंड’ या खुणेवर असताना दोन्ही नळ्या कढत होत्या. उकळते पाणी अडविणारी तोटी पुरती मिटतच नव्हती, कारण तिची तार सैल पडली होती. गारव्याचे यंत्र बिचारे आपले काम करीत होते, आणि त्याने थंड केलेला वारा पुढच्याच पावली हिटरवरून जाऊन तापत होता. मिस्त्रीने चिमट्याने नळी दाबून धरताच पाच मिनिटांत झरोक्यातून गार वारा आला.

मिस्त्रीचे आम्हांस कौतुक वाटते ते एवढ्याचसाठी, की त्याने विकण्यापूर्वी पाहिले. गॅस भरणे हा विक्रीचा व्यवहार आहे, निदान हा परीक्षेचा. आपली माणसे परीक्षेचे पैसे देण्यास कुरकुरतात आणि गॅसचे पैसे आनंदाने देतात. मग कारागिराने गॅसच विकावा यात नवल ते काय? दोष एकट्या कारागिराचा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गॅस आपोआप खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरणारा पदार्थ आहे. कमी झाला असेल तर कोठे तरी गळतो आहे, आणि गळती न शोधता पुन्हा भरणे म्हणजे उंदराने कुरतडलेल्या पोत्यात वरून तूर ओतणे होय. सांध्याभोवती तेलकट डाग दिसला, की बहुधा तेथेच भोक असते, कारण गॅसबरोबर काँप्रेसरचे तेलही बाहेर येते. डाग न सापडल्यास नळ्यांत नायट्रोजन दाबून साबणाचे पाणी लावावे. गळती बुजविल्यावर निर्वात पंप निदान अर्धा तास चालवून आतील हवा व दमटपणा काढावा. दमटपणा राहिला तर तो आतल्या बारीक छिद्राशी गोठतो, आणि थोडा वेळ गार, थोडा वेळ गरम असा लपंडाव सुरू होतो.

आता तराजूचा मुद्दा. बहुतेक ठिकाणी गॅस घड्याळाचा काटा पाहून, म्हणजे दाबावर भरतात. गाडी बंद असता नळ्यांत द्रवाचा थोडा जरी अंश असला, तरी दाब उष्णतेप्रमाणेच दिसतो; चाळीस अंशांस हल्लीच्या आर-१३४ए गॅसचा दाब सुमारे १३० पौंड भरतो, मग आत पाव किलो असो की पाऊण किलो. चालू गाडीतील दाबावरून बिघाडाचा माग लागतो, पण मालाचे वजन कळत नाही. पायली व शेर सोडून किलोवर येण्यासाठी आपल्या देशात १९५६ साली कायदा झाला, आणि मोटारीचा गॅस मात्र अजून डोळ्यांच्या अंदाजाने! गाडीस किती ग्रॅम लागतो हे तिच्या पुस्तकात वा बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेले असते. टाकी काट्यावर ठेवून तेवढाच भरावा. जास्त भरला तर गारवा वाढत नाही, उलट घटतो आणि काँप्रेसरवर ताण येतो.

फार जुन्या गाड्यांत आणखी एक पेच असतो. त्यांत पूर्वी आर-१२ गॅस असे. तो ओझोनच्या थरास घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल कराराने त्यावर बंधने आली. भारत त्या करारात १९९२ साली सामील झाला. अशा गाडीत नवा गॅस भरावयाचा तर तेल बदलावे लागते, कारण जुने खनिज तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही. ओलावा शोषणारी डबी व सांध्यांची रबरी कडीही बदलावी लागतात, आणि वजन पूर्वीपेक्षा काहीसे कमी धरावे लागते. ‘सगळे एकच’ असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. स्वस्त म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरून देणाऱ्यापासून तर शंभर पावले दूर; तो पेट घेतो.

आपल्या भागाचा खास रोग म्हणजे तुरीचा भुसा. गाडीच्या नाकाशी जी कंडेन्सरची जाळी असते, ती बाजार समितीच्या आवारात दोन हंगाम उभ्या राहिलेल्या गाडीत गोधडीसारखी भरते. गाडी पळत असता गारवा येतो व चौकात थांबली की जातो, अशी तक्रार असेल तर आधी ही जाळी व तिचा पंखा पाहावा. मंद धारेने धुण्यास काही खर्च नाही. आमच्या स्वतःच्या जीपची जाळी दरवर्षी तुरीचा हंगाम सरला की धुतली जाते.

वीजजोडणीविषयी एकच सांगतो. ‘स्टॉर्म’सारख्या काचतंतूच्या अंगाच्या गाडीत लोखंडी पत्र्यातून वीज परतत नाही, प्रत्येक उपकरणास परतीची वेगळी तार लागते. ती गंजली तर काँप्रेसर जागचा हलत नाही, आणि भाबडा मालक गॅस भरून घेतो.

आता हिटर. आमच्या उष्ण मुलखात हिटर कशाला, असे म्हणून कित्येक मिस्त्री त्याच्या नळ्या परस्पर जोडून टाकतात. काही तर इंजिनातील थर्मोस्टॅटही काढून फेकतात. हा प्रकार आम्हांस अत्यंत गैर वाटतो. बिदरचे पठार दोन हजार फुटांहून उंच आहे. मार्गशीर्ष-पौषात पहाटे हुमनाबादकडे निघालेल्या गाडीत तिघांच्या श्वासाने काच आंधळी होते, आणि समोरून उसाच्या गाड्या येत असतात, ज्यांस मागे-पुढे दिवा नसतो. गारव्याचे यंत्र हवेतील ओल काढते व हिटर ती हवा ऊन करतो. दोन्ही मिळून काच क्षणात स्वच्छ होते. पायाखालची सतरंजी ओली व गोडसर वास येत असेल तर हिटरची जाळी फुटली आहे असे समजावे. ती बदलण्यास गाडीचा दर्शनी फळा उतरवावा लागतो, मजुरी जड पडते, हे खरे. तरीही ती द्यावी. घरची मुले त्या गाडीत बसतात.

या सर्वांवरून आमची एक सूचना आहे. संघाच्या निधीतून गॅसचा वजनकाटा, निर्वात पंप व दाबाच्या घड्याळांची एक जोडी घ्यावी, आणि गावातील एखाद्या होतकरू मुलास शिक्षण देऊन ती त्याच्या हाती सोपवावी. अट एकच: परीक्षेची फी वेगळी व ठरलेली असावी, गॅस भरला वा न भरला तरी. श्रीमंतांच्या पोरांच्या हौसेसाठी संघाने का खर्च करावा, असा आक्षेप येईल. तो गैरलागू आहे असे नाही. पण तीच साधने शाळेच्या गाडीस, दवाखान्याच्या गाडीस व आपल्या माल-टेंपोंस उपयोगी पडतील, आणि लातूर-सोलापूरच्या फेऱ्या वाचतील. हा प्रस्ताव आम्ही येत्या वार्षिक सभेत मांडणार आहोत. तोपर्यंत ज्यांची गाडी चैत्रात रुसेल त्यांनी कारागिराकडे जाताना एका कागदावर लिहून न्यावे: वारा जोरात येतो की मंद, काँप्रेसर ‘टक्’ असा आवाज करून फिरतो की नाही, गारवा पळताना येतो की उभ्याने, आणि ‘थंड’ खुणेवर हिटरच्या नळ्या हातास कशा लागतात.