क्लोझापिनची गोळी व रक्ततपासणी एकाच ठिकाणी, एकाच दिवशी मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे आईवडील व भावंडे आहोत. इतर औषधांनी गुण आला नाही, तेव्हा आमच्या माणसांना क्लोझापिन सुरू झाले आणि त्याने फरक पडला. तक्रार गोळीची नाही, ती ज्या रीतीने मिळते त्या रीतीची आहे.

या गोळीने क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात. १९७५ साली फिनलंडमध्ये यातूनच रुग्ण दगावले. म्हणून डॉक्टर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला सीबीसी सांगतात. इथे मात्र रक्त आज घेतात, रिपोर्ट उद्या आणि मनोविकार ओपीडी आठवड्यातून एकदाच. रोजगार बुडवून कोण किती खेपा घालणार? मग कधी रिपोर्ट न बघताच गोळ्या मिळतात, तर कधी साठा संपला म्हणून ‘बाहेरून घ्या’ अशी चिठ्ठी. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ती गोळी नसते.

खंड दोन दिवसांहून जास्त पडला तर जुना डोस एकदम देता येत नाही. ३०० मिलिग्रॅम घेणाऱ्यालाही पुन्हा १२.५ पासून चढावे लागते. हे घरच्यांना कुणी सांगत नाही. गोळ्या मिळाल्या की ते पूर्वीइतक्याच देतात. त्यात रक्तदाब कोसळू शकतो, फिट येऊ शकते.

क्लोझापिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १८ नुसार अत्यावश्यक सूचीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर, सर्वकाळ मोफत मिळायला हवीत. तेव्हा ग्रामीण रुग्णालयातच सकाळी रक्त घेऊन दुपारी रिपोर्ट पाहून गोळी द्यावी, आणि साठा संपण्याआधीच मागणी जावी. प्रत्येक रुग्णाला मराठी कार्ड द्यावे: ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी सीबीसी. हे प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनाही कळवावे, नाहीतर पॅरासिटामॉलवर बोळवण होते. या गोळीने होणारी बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते. पोट साफ होते का, एवढे दर खेपेला विचारावे. त्याला यंत्र लागत नाही.

यावर काय आदेश दिले, ते ३० दिवसांत लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
रुग्णांचे पालक व नातेवाईक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)